मिरजेची प्रत

“पायरी एकवीस. चोवीस, शून्य तीन. पायरी बावीस. एक्काहत्तर.”

आकाराम सुभेदार मायक्रोफोनचं बटण दाबून धरून वहीवरच्या आकड्यांवरून बोट फिरवत होते. मलकापुरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर दोन बांबूंमध्ये तार ताणलेली होती, आणि त्या तारेवाटे त्यांचा आवाज मिरज, बेळगाव, पुण्यापर्यंत जात होता.

“आवं,” अंबूबाई जिना चढून आल्या. हात पिठाचे. “दारात जीप हुबी ऱ्हायलीया. सरकारी हाय.”

सुभेदारांनी लगेच बटण सोडलं नाही. पंचवीस पायऱ्या पुऱ्या वाचल्या, “बाकीचं उद्या, मलकापूर थांबतंय,” असं सांगितलं आणि मग संच बंद केला.

वर आलेला माणूस चाळिशीचा होता. बिनतारी खात्याचा निरीक्षक, बिराप्पा हत्तरकी. त्याने ओळखपत्र दाखवलं, खुर्चीवर बसला आणि बगलेतली जाड फाइल मांडीवर ठेवली.

“परवाना बघू.”

सुभेदारांनी भिंतीवरची चौकट काढून त्याच्या हातात दिली. त्याने नाव, पत्ता, तारीख नीट वाचली. चौकट परत न देता फाइलवर पालथी ठेवली.

“सहा आठवडे आमचा माणूस तुमचं बोलणं ऐकून लिहून घेतोय. एरवी हवापाणी, तब्येत, कुणाच्या संचाला काय झालंय. शनिवार-रविवार मात्र नुसते आकडे. हौशी परवान्यावर सांकेतिक भाषेत बोलायला बंदी आहे, माहीत आहे ना?”

“सव्वीस वर्सं मिल्ट्रीच्या सिग्नल्समदी काढल्यात, सायेब. म्हाईत हाय.”

“मग हे काय?”

ते शहात्तर सालच्या फेब्रुवारीतले दिवस होते. आणीबाणी लागून आठ महिने झाले होते, आणि कराडच्या बाजारातसुद्धा माणसं आजूबाजूला बघून बोलायची. सुभेदारांची नजर त्या पालथ्या चौकटीवरून हलत नव्हती. परवाना गेला असता तर संच गेला असता, आणि संचाबरोबर रोज सकाळी “राम राम, आबा” म्हणणारे ते तीन-चार आवाज. पेन्शनीत आल्यापासून त्यांचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा.

त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला कॅलक्युलेटर बाहेर काढला. जावई मालवाहू जहाजावर होता, त्याने आणलेला.

“ह्ये नुसती बेरीज-वजाबाकी करीत न्हाई. ह्याला एकदा पायऱ्या शिकवल्या की आपल्या आपण गणित सोडवतंय. एकूणपन्नास पायऱ्या बसत्यात. पर बंद केलं की समदं इसरतंय. प्रत्येक पायरीचा आकडा ठरलेला. त्येच मी वाचतो.”

“आणि गणित कशाचं?”

“वर एक उपग्रह फिरतोय. सरकारचा न्हाई, कंपनीचा न्हाई, आमच्यासारख्याच हौशी लोकांनी केलेला. त्यो आपल्या डोस्क्यावरनं कवा जाणार, ते.”

हत्तरकीने कॅलक्युलेटर उलटसुलट करून पाहिला. “हा प्रोग्रॅम बसवला कोणी?”

“मी. दोन म्हैने लागलं.”

“आणि तुम्ही तो सगळ्यांना वाचून दाखवता. फुकट?”

सुभेदारांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “बेळगावचा गडी दर सोमवारी मला उपग्रहाची पयली येळ सांगतो, त्यो काय इकतो व्हय? ज्याला पायजे त्यानं उतरून घ्यावं.”

“चालवून दाखवा.”

सुभेदार एकेक कळ दाबू लागले. बोटं जाड होती आणि कळा बारीक, पण घाई नव्हती. हत्तरकी फाइलमधल्या कागदाशी प्रत्येक पायरी ताडून पाहत होता. शेवटी सोमवारची वेळ घातली, आणि लाल आकडे क्षणभर थरथरून स्थिर झाले.

“नऊ बावीस,” सुभेदार म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. अंबूबाई चहा आणायला खाली गेल्या. सुभेदारांनी संच लावला. खोलीभर नुसती खरखर पसरली.

अंबूबाई कपबशा टेबलावर ठेवत होत्या, तेवढ्यात खरखरीच्या तळातून बारीक शिट्टी उमटली. मोर्समधले चार तुटक ठोके, मग दोन. पुन्हा चार, पुन्हा दोन.

“आला!” सुभेदार खुर्चीवरून अर्धवट उठले. “ऐका. एच, आय. एच, आय.”

“हाय,” हत्तरकीच्या तोंडून निघालं.

“व्हय! हाय म्हणतोय. वर हाय म्हणून सांगतोय.”

हत्तरकी हसला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मग शिट्टीतून आकडे येऊ लागले, उपग्रहाच्या अंगातल्या उष्णतेचे, बॅटरीचे. त्याने पेन्सिल काढून सवयीने चार-पाच उतरवलेही. हळूहळू सूर खाली उतरत गेला, आणि थोड्या वेळाने तो खरखरीत मिसळून गेला.

चहा गार झाला होता. हत्तरकीने तो तसाच घेतला.

“तुम्ही नऊ बावीस म्हणालात. आला तो नऊ अठराला.”

“त्ये घड्याळ मागं पडतंय. सोमवारी लावतो, तवा बरोबर जुळतंय. शनवारपातूर चार मिंटं खातंय.”

हत्तरकीने मनगट पुढे केलं. “मी आज सकाळी रेडिओच्या ठोक्यांना लावलंय. बघा.”

दोन्ही घड्याळांत सेकंदाचाही फरक नव्हता.

“चारदा उघडून बसलं त्या घड्याळाला,” अंबूबाई म्हणाल्या. “पाचव्यांदा मीच पेचकस लपवला.”

सुभेदार घड्याळाकडे बघत राहिले. हत्तरकी फाइलची पानं मागे उलटवू लागला. एका पानाशी थांबला. तिथे समासात लाल खूण होती.

“अकरा जानेवारी. त्या दिवशी तुम्ही बोलायला नव्हता.”

“लेकीकडं गेलतो. इट्याला.”

“मिरजेहून कोणी इलाही बेळगावच्या माणसाला हाच प्रोग्रॅम वाचून दाखवतोय. आमच्या माणसाने खूण केली, कारण यातले काही आकडे तुमच्यापेक्षा वेगळे आहेत. त्याला वाटलं, तुम्ही गुप्त भाषा बदललीत.”

इलाही म्हणजे मिरजेचा सतारी करणारा. वय पस्तीस, कान असा की तारेला नख लागलं तरी सूर कुठे घसरला ते सांगेल. कुवेतच्या मेव्हण्याने त्यालाही असाच कॅलक्युलेटर पाठवला होता. प्रोग्रॅम त्याने सुभेदारांकडूनच उतरून घेतला होता.

सुभेदारांनी चष्मा पुसून पान जवळ घेतलं. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये उपग्रहाच्या एका फेरीला एकशे पंधरा मिनिटं होती. इथे एकशे चौदा पूर्णांक नऊ चार पाच होती. या लांब आकड्याच्या चार जादा पायऱ्या बसाव्यात म्हणून इलाहीने दुसरीकडच्या चार काढल्या होत्या, आणि त्या खरोखरच नको होत्या. एका फेरीला तीन-साडेतीन सेकंदांचा फरक. दिवसाला साडेबारा फेऱ्या. सोमवारपासून शनिवारपर्यंत जवळजवळ चार मिनिटं.

आकड्यांखाली त्या माणसाने बोलणंही जसंच्या तसं लिहिलं होतं. ‘सूर कवा उतरतो ते कानानं धरलं रोज, पंधरा दिस. तवा घावलं. पर ह्ये आबांस्नी बोलू नका. प्रोग्रॅम त्येंचाच हाय. मी येळ बघून सांगतो.’

सुभेदारांनी ते दोनदा वाचलं. मग पान नीट सरळ करून परत दिलं.

“चूक माजी हाय,” ते म्हणाले.

हत्तरकीने फाइल बांधली, पालथी चौकट उचलली आणि सुभेदारांच्या हातात ठेवली. “यापुढे आकडे वाचण्याआधी ते कशाचे आहेत ते स्पष्ट सांगत जा. मी अहवालात तसं लिहितो.” जिन्याशी तो थांबला. “उद्या किती वाजता येईल तो?”

“सांगतो,” सुभेदार म्हणाले. पण हात कॅलक्युलेटरकडे गेला नाही. त्यांनी अकरा जानेवारीचं पान पुन्हा मागून घेतलं, ते आकडे वहीत उतरवले, तसे घातले आणि मग वेळ सांगितली.

दुपारी ते जेवायला बसले, पण भाकरी तशीच हातात राहिली. दिवाळीनंतर इलाही येऊन गेला होता. “आबा, घड्याळ दुरुस्त झालं का?” असं त्याने विचारलं होतं. “झालं असंल, तर...” एवढं बोलून तो थांबला होता. तेव्हा सुभेदारांनी घड्याळावर अर्धा तास भाषण दिलं होतं.

“त्या पोराचा राग आला व्हय?” अंबूबाईंनी विचारलं.

“राग न्हाई.” त्यांनी घास मोडला. “पलटणीत माजी चूक कुणी दाखवली की मी त्याला चा पाजायचो. घरी आल्यावर कवा सवय मोडली, कळलंच न्हाई.”

अंबूबाईंनी त्यांच्या ताटात आमटी वाढली.

रविवारी सकाळी आठला बेळगाव, पुणे, मिरज सगळ्यांचे राम राम झाले. सुभेदारांनी वही मिटून बाजूला ठेवली, कोरा कागद पुढे ओढला.

“इलाही, आज तू वाच रं. उपग्रहाच्या येळंचा प्रोग्रॅम. आदी तसं सांग, आन मग वाच. मी उतरून घेतो.”

पलीकडून बटण दोनदा दाबून सोडल्याचा आवाज आला.

“आबा, प्रोग्रॅम तुमचाच हाय. मी काय वाचू?”

“तुज्याकडं हाय तसा वाच.”

इलाही वाचू लागला. आवाज आधी दबका होता. फेरीच्या मिनिटांशी आला आणि थांबला. सुभेदारांनी बटण दाबलं नाही, पेन्सिल कागदावर टेकवून वाट पाहिली.

“शून्य एक,” इलाही म्हणाला. “शून्य एक. शून्य चार.” मग दशांशचिन्हाची कळ, मग नऊ, चार, पाच. तिथून पुढे त्याचा आवाज मोकळा झाला.

“मिळालं,” सुभेदार म्हणाले. “बेस हाय. आता समद्यांनी हीच मिरजेची प्रत उतरून घ्यावी. माजी जुनी फाडून टाका. काय ऱ्हायलं असंल, त्ये इचारा.”

एवढे आकडे वाचले की कुणीतरी विचारतंच. पेन्सिल मोडते, खरखरीत एखादी पायरी बुडते, कुणाला पुन्हा पहिल्यापासून हवं असतं.

“बेळगाव, उतरलं आबा.”

“पुणे, उतरलं.”

सुभेदारांनी थोडा वेळ वाट पाहिली. कुणीही एकसुद्धा आकडा परत विचारला नाही; मिरजेची प्रत सगळ्यांकडे कधीचीच होती. मग ते एकटेच हसायला लागले, इतक्या मोठ्याने की अंबूबाई खालून जिना चढून आल्या.