चाखणारी

हे हॉटेल बुडणार, हे मला ते उघडायच्या आधीच ठाऊक होतं. आमच्या पोस्टाच्या मागच्या गल्लीत, पूर्वी जिथे खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं तिथे, आमच्या ह्यांनी थाटलंय. म्हणजे एके काळच्या ह्यांनी. वीस वर्षं मी त्याला अहो-जाहो केलं. कोर्टाच्या पायऱ्या उतरले त्या दिवशी अरे-तुरेवर आले, आणि फार बरं वाटलं.

माणूस पेशाने आचारी, पण त्याला चव कळत नाही. स्कूटरवरून पडला, डोक्याला मार बसला, आणि वास गेला तो गेलाच, जिभेलाही काही कळेना. हे फक्त घरातल्या तिघांना माहीत. त्यानंतर बारा वर्षं तो ऑर्डरी घ्यायचा आणि प्रत्येक पातेल्यापाशी माझ्यापुढे पळी धरून उभा राहायचा. मीठ कमी की आंबट जास्त, ते मी सांगायची. वाहवा मात्र त्याची. वर एकदा भांडणात म्हणाला, तुझ्या जिभेचंच तर सगळं दुखणं आहे. तेव्हाच म्हटलं, बघते माझ्या जिभेवाचून तुझं कसं चालतं ते.

तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले. लेकीला सांगायचा प्रश्नच नव्हता. एकोणीस वर्षांची आहे, माझ्याकडे राहते, आणि घरात बापाचं नाव काढायचं नाही हे मी तिला बजावून ठेवलंय. सकाळी दहाला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते, ती तीनला परत येते. मी मुद्दाम मधोमधचं टेबल धरलं, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतील.

आणि दिसली की. शेजारच्या टेबलावरच्या दोन बँकवाल्यांनी पहिला घास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि मिठाची डबी ओढली. पलीकडच्या म्हातारबुवांनी तर वेटरला बोलावून विचारलं, आज मीठ महागलंय का. सगळं हॉटेल डब्या हलवत बसलं होतं. अळणी! मला असा आनंद झाला म्हणून सांगू, नोकरीत कायम झाले तेव्हासुद्धा झाला नव्हता.

त्या आनंदात जेवायला लागले. भात, बटाट्याचा रस्सा, वर सूप. नावं ठेवायलाच बसले होते, पण ताट निम्मं झालं तरी मिठाच्या डबीकडे माझा हात गेला नव्हता. मला काही कमी लागतच नव्हतं.

घास हातातच राहिला. माझं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी मीठ तोडलं, त्याला दोन वर्षं झाली. दोन माणसांसाठी दोन पातेली कोण चढवणार, म्हणून घरात सगळंच अळणी शिजतं. असं जेवण बरोबर वाटणाऱ्या जिभा या गावात दोनच. एक माझ्या तोंडात होती. दुसरी रोज दहाला क्लासला म्हणून घराबाहेर पडते.

उठले आणि खरकट्या हाताने थेट स्वयंपाकघरात शिरले. तो पळी पुढे धरून उभा होता, माझ्यापुढे उभा राहायचा अगदी तसाच. चाखत होती माझी मुलगी. मला पाहून दोघांचेही चेहरे उतरले. अंगाचा नुसता भडका उडाला माझ्या.

"बाहेर लोक मिठाच्या नावाने ओरडतायत," मी त्याला म्हटलं. "हिची जीभ दोन वर्षं माझ्या अळणी जेवणावर आहे. ही माझ्या घरी जेवतेय तोवर तुला कसली चव सांगणार? महिन्याभरात कुलूप लागेल."

जिंकलेच होते मी. पण लेकीने त्याच्या हातातली पळी घेतली, शांतपणे ओट्यावर ठेवली.

"मग आजपासून मी इथेच जेवते," ती मला म्हणाली. "दोन्ही वेळा."

वीस वर्षांत शेवटचा शब्द मी कुणाला बोलू दिला नव्हता. त्या दिवशी तो लेकीचा ठरला. त्याने तिच्यासाठी ताट वाढलं. तिने रश्श्यात चमचाभर मीठ घातलं, ढवळलं आणि माझ्याकडे बघतच पहिला घास घेतला. तोंड वाकडं झालं तिचं, पण घास तिने गिळला.