नौबत वाजेपर्यंत

मी नौबत बोलतेय. वाजायला मला सणासुदीला सांगतात, बोलायला कुणीच सांगत नाही. म्हणून न विचारताच सुरुवात करते.

माझं कातडं उवांचं आहे. हसू नका! आमच्या केंडोंगच्या सल्तनतीत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पहिल्या राणीच्या केसांतल्या उवा वेचून, सोलून, सांधून मला मढवलं. एकदा चष्मा लावलेला एक परदेशी साहेब मला निरखून म्हणाला, "हे तर बोकडाचं!" त्याच दुपारी त्याचं डोकं असं खाजायला लागलं, की बिचारा बोटीत बसेपर्यंत दोन्ही हातांनी खाजवत होता.

आमच्याकडे मुकुट घातल्याने कुणी सुलतान होत नाही. मी वाजले की होतो. आणि गेलेल्या सुलतानाला मातीसुद्धा नव्यासाठी मी वाजल्यावरच मिळते. राज्य घटकाभरही बिनराजाचं राहता कामा नये ना!

मला वाजवायचा मान एकाच घराण्याचा. त्यातले थोरले देरामान. वयस्कांना आम्ही तोक म्हणतो, म्हणून तोक देरामान. आमचे सुलतान आणि ते एकाच नदीत डुंबून मोठे झालेले. एक गादीवर बसला, दुसरा माझ्यापाशी.

सुलतान पहाटे गेले. दुपारची नमाज झाली, सगळा दरबार जमला, जनाजा तयार झाला. तोक माझ्यासमोर बसले ते बसलेच.

"तोक, ऊन बघा," वजीर कुजबुजले. "हात बधिर झालाय का?"

"हात ठीक आहे."

"मग टिपरी उचला की!"

"उचलली की ते सुलतान राहत नाहीत. राहू द्या थोडा वेळ. तुमच्या काय बापाचं जातंय?"

ज्याच्या बापाचं जात होतं तो युवराज शेजारीच उभा होता. वजिरांना घाम फुटला. दुसऱ्या कुणाला टिपरी द्यावी, तर थोरल्यानं आपणहून दिल्याशिवाय दुसऱ्याच्या हातची नौबत नौबतच नव्हे. तिकडे माती अडलेली, इकडे गादी.

युवराज पुढे आले आणि मांडी घालून थेट जमिनीवर बसले, तोकांच्याही खालच्या अंगाला. वजिरांनी डोळेच मिटून घेतले.

"तोक, बाबांना मासे धरायला जायचं होतं ना?"

"दरवर्षी म्हणायचे. या वर्षी नक्की जाऊ, देरामान."

"मग का नाही गेले?"

"कसे जाणार? आज पाहुणे, उद्या दरबार, परवा कुठल्यातरी पुलाचं उद्घाटन. पिवळा राजवेष घालून कुणी चिखलात उतरतं का?"

"आज पांढऱ्यात आहेत," युवराज म्हणाले. "आणखी किती वेळ कामावर ठेवणार त्यांना?"

तोक हसले. मग बाहीनं नाक पुसलं आणि टिपरी उचलली.

माझ्या पहिल्या ठोक्याला नदी उलटी वाहिली. वजीर म्हणतात, भरतीची वेळ होती. म्हणू देत.

"दौलत तुआंकु!" सगळा दरबार नव्या सुलतानाकडे वळून गरजला. म्हणजे आमच्या भाषेत, महाराजांचा जय असो. तोकांनी टिपरी पुतण्याच्या हाती दिली आणि ते जनाज्याकडे निघाले. सुलतानाच्या बरोबरीनं चालायची आमच्यात कुणाला मुभा नाही, मागूनच चालायचं. त्या दुपारी तोक अगदी शेजारून चालले. वाड्याच्या पायऱ्या आल्या तेव्हा मला ऐकू आलं, "सांभाळून रे, उतार आहे."

हल्ली मी रेशमी कापडात गुंडाळलेली असते. वाळवी माझ्या लाकडाची चौकशी करून जाते, कातड्याच्या वाटेला मात्र जात नाही. नव्या सुलतानांकडे माझी एकच विनंती आहे. पूल काय, होतच राहतील. अधूनमधून नदीवर जात जा, महाराज. मला पुन्हा वाजायची मुळीच घाई नाही.