चिंचेनं घासलेला हत्ती

दोन हजार दोन सालची खंडेनवमी आजबी आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाती. मी राग गिळणारी बाई न्हवं. माहेर गडहिंग्लज, बाप फौंड्रीत मोल्डर. वाळूचं साचं भरून भरून त्याची नखं कायमची काळी झाल्याली. आमच्या घरात जे असंल ते तोंडावर बोलायची रीत.

नवरा पंचाक्षरी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा नमुना लागतो, तो ह्ये करतात. केसाएवढा फरक ह्यांच्या बोटाला कळतो. आणि नाद कसला, तर दोन हजार वर्षांमागच्या ग्रीक राजांची नाणी गोळा करायचा! शिकंदराच्या मागनं जे ग्रीक काबूल-पंजाबात राजं होऊन बसलं, त्यांची. घरी कोण आलं की चहाच्या आधी नाणं. "बघा पावणं, ही नाणी ठोकल्याली असतात, ओतल्याली न्हाईत. तापल्या तुकड्यावर ठसा ठेवायचा आणि वरनं हातोडा." ऐकून ऐकून माझं पाठ झालं हुतं.

त्यात एक चांदीचं हुतं, चौकोनी, अंगठ्याच्या नखाएवढं. एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वशिंडाचा नंदी. अपोलोडोटस राजाचं. फाळणीआधी सासरे फौजेत पेशावरला हुते, तिथनं आणल्यालं. आता ग्रीक राजाच्या नाण्यावर नंदी, आणि आम्ही लिंगायत, बसवण्णाची माणसं; बसव म्हंजे नंदीच! सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात बसवला, हयातभर त्याला विभूती लावली. त्यांच्यामागं मी लावायची. ह्यांच्या वहीत ते नाणं असंल, पण माझा नंदी हुता तो.

तो नंदी ह्यांनी त्या वर्षी चैत्रात कृष्णात सरांना देऊन टाकला. कृष्णात सर म्हंजे कोल्हापुरातल्या नाणीवाल्यांचे म्होरके, खिशात कायम भिंग. बदल्यात त्यांनी दिलं मिनँडर राजाचं ब्राँझचं नाणं. एका बाजूला हत्तीचं डोस्कं, गळ्यात घंटा, मागं गदा आणि वर हिरवागार थर. "मिनँडर म्हंजे बौद्ध पोथ्यांतला आपला मिलिंद राजा, सौंदर्या! असं नाणं कोल्हापुरात कुणाकडं न्हाय."

"माझा नंदी कुणाला इचारून दिला?" मी म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

वर मी गप्प बसावं म्हणून नंदीच्या मोकळ्या जागी ते हत्तीचं नाणं ह्यांनीच देव्हाऱ्यात ठेवलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं घरातलं अवजार आणि तांबं-पितळ सगळं चिंच-मिठानं घासून पूजेला मांडतात. ह्यांच्या पटाश्या, रंधे, माझी विळी, समया, घंटा. देव्हाऱ्यातलं एवढं एकच काय म्हणून सोडायचं? मी तेबी घासलं. हिरवं पाणी मोरीत वाहून गेलं, हत्ती लख्ख झाला. मला वाटलं, बघून खूश हुतील.

कसलं खूश! ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. तो हिरवा थर म्हंजे नाण्याची कातडी, दोन हजार वर्षांत चढल्याली, आणि मी ती सोलली म्हणं. रविवारी कृष्णात सरांच्या शाळेच्या हॉलात नाण्यांचं प्रदर्शन हुतं. तिथं नाण्याखाली ह्यांच्या नावाची पट्टी लागणार हुती, तिची पार वाट लावली म्हणं. नणंद शांताक्का जेवायला आल्यावर तिच्यादेखत मला अडाणी म्हणाले. शेजारीपाजारी सांगून आले. एवढ्यावर भागलं न्हाय, गडहिंग्लजला माझ्या भावाला, अमरेशला फोन लावला, "तुमच्या बहिणीनं माझ्या जल्माचं वाटोळं केलं." भावाला सांगायची काय गरज हुती? पाच दिवस मी डोळं पुसत भाकरी थापली. खरंच वाटाय लागलं, आपल्या हातनं पाप घडलं.

शनिवारी सकाळी कृष्णात सर स्कूटरवरनं आले. किल्ली टेबलावर टाकली, खुर्चीत बसले आणि मान हलवत म्हणाले, "वहिनी, तुम्ही इतिहास धुऊन टाकला की. आणा ते इकडं. पुण्याला पाठवून काय उपचार होतोय का बघतो. प्रदर्शनात आता ते नको."

मी देव्हाऱ्यातनं नाणं काढलं. हातात घेतलं आणि पहिल्यांदाच नीट बघितलं, खिडकीशी जाऊन. ज्याच्यापायी एवढ्या शिव्या खाल्ल्या ते हाय तरी काय! आणि कडेला बोट लागलं. चारी बाजूंनी बारीक रेघ. एका ठिकाणी कानस मारून ती दडपल्याली. हत्तीच्या कानात सुईच्या टोकाएवढी भोकं.

अगं बया! बापाची भाकरी घेऊन लहानपणी मी फौंड्रीत जायची. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं धातूला अशी रेघ उठती, आणि वाफ अडकली की भोकं पडतात. ह्ये मला पुस्तकात वाचावं लागत न्हाय.

"सर," मी म्हटलं, "ठोकल्याल्या नाण्याला साच्याचा सांधा कुठनं आला?"

"वहिनी, जुन्या काळी कधीकधी..."

"जुना काळ सोडा! दोन हजार वर्षं मुरल्याला थर एका चिंचेच्या गोळ्यानं गेला? ते काय रंगपंचमीचा रंग हाय?" माझा आवाज चौकापर्यंत गेला असंल. "ओतलंयसा तुम्ही ह्ये! खोटं देऊन माझा नंदी नेला!"

सरांचं तोंड उतरलं. आणि त्यांनी काय करावं? बोट केलं आमच्या ह्यांच्याकडं. "मला एकट्याला कशाला बोलताय? पंचाक्षरींना विचारा की. मे महिन्यातच त्यांनी हा सांधा मला दाखवला हुता. मी म्हटलं गप्प रहा, प्रदर्शनात तुमचं नाव लावतो. हो म्हणाले."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्ये फरशीकडं बघाय लागले.

मी आधी टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलून कनवटीला लावली. "सर, नंदी आणा आणि किल्ली न्या."

"अहो, तो उद्या प्रदर्शनात लागणार हाय."

"कुणाच्या नावानं?"

सर उठले. चालत गेले, तासाभरानं रिक्षानं आले. प्लॅस्टिकच्या पाकिटातला नंदी माझ्या हातावर ठेवला आणि किल्ली घेऊन मान खाली घालून गेले. मी नंदीला विभूती लावली, जाग्यावर बसवला. पण जीव काय थंड झाला न्हाय.

"मेपासनं म्हाईत हुतं तुम्हाला?"

"व्हय," ह्ये पुटपुटले. "फसलो ह्याची लाज वाटली. पॅटर्नमेकर म्हणवतो आणि सांधा न्हाय दिसला. तू घासलंस तवा वाटलं, आता बिघडलं म्हणता येतंय. कोण सांधा बघणार न्हाय."

"म्हंजे माझ्या अंगावर ढकलून सुटलासा."

नंदी गेला तवा मी चिडली हुती, पण त्या घटकेला मला हा माणूस नकोसा झाला. पाच दिवस मी रडताना ह्यांनी समोर बसून भाकरी खाल्ली हुती. खोटं नाणं देणारा परका तरी हुता.

"उठा," मी म्हटलं. "अमरेशला फोन लावा."

"अगं, नंतर..."

"आत्ता."

फोन लावला. मी शेजारी उभी. "अमरेश, बरं हाय न्हवं? ऊस काय म्हणतोय? पोरं बरी हायत?"

"उसाचं नगं," मी म्हटलं. "नाण्याचं बोला."

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी हलली न्हाय. "अमरेश, त्ये नाणं... खोटं हुतं. सौंदर्यानं काय बिघडवलं न्हाय. मला आधीपासनं म्हाईत हुतं."

मग अमरेशचा आवाज मला लांबनं ऐकू आला, "अक्काला द्या फोन."

मी घेतला न्हाय. "ती मागनं बोलंल म्हणावं," मी ह्यांना म्हटलं. "आधी चपला घाला. शांताक्का ऱ्हायल्यात, आणि शेजारची सगळी घरं ऱ्हायल्यात. मी येते संगट."