शून्याच्या रेघेवरचा काटा

मी एक जुना काटा आहे. भाजीवाल्याकडे किंवा सोनाराकडे असतो तसा नव्हे. मित्रांनो, मी बंदुकीची दारू मोजणारा काटा आहे. हे ऐकून थोडी भीती वाटली तर वाटू द्या, ती असावीच. मला गोष्ट सांगता येते असे मला वाटत नाही. मला फक्त वजन सांगता येते. म्हणून जे झाले ते जेवढ्यास तेवढे सांगतो.

माझी बैठक बिडाची, हिरव्या रंगाची. तिच्यावर एक बारीक दांडी तोललेली आहे आणि दांडीच्या खाचांवरून दोन छोटी वजने सरकतात. एका टोकाला लहानसे पारडे, दुसऱ्या टोकाला सुई. सुईसमोरच्या पांढऱ्या पट्टीवर एक काळी रेघ आहे, ती शून्याची. वजने मागे सरकवली आणि पारडे रिकामे असले, की सुई त्या रेघेवर उभी राहिली पाहिजे. नसेल राहत, तर बैठकीखालचा स्क्रू फिरवून तिला आणायचे. कारखान्यातल्या एका बाईने माझ्या पारड्याच्या तळाशी शिशाचे कण घालून-काढून ते मला जुळवून दिले होते. दुसऱ्या काट्याचे पारडे दिसायला अगदी तसेच असते. वजनाला मात्र तसेच असेल असे नाही.

मला विकत घेतले रेइनो कांगासने. अमेरिकेत उत्तर मिशिगनमध्ये लोखंडाच्या खाणींचे एक गाव आहे. तिथल्या खाणीत तो विजेची कामे करायचा. माणूस अबोल, कोणी मोठ्याने हसले तरी कान लाल होणारा. त्याची बायको एल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि गावाच्या क्लबात पिस्तुलाने निशाणावर नेम मारायची. तिच्यासारखा नेम त्या भागात दुसऱ्या कोणाचा नव्हता. रेइनोला मात्र दहा पावलांवरचे पिंपही लागत नसे. म्हणून त्यांच्या घरात कामाची वाटणी झाली होती. काडतुसे त्याने भरायची, मारायची तिने.

तिचे पिस्तूल लहान गोळीचे. त्याच्या काडतुसात दारू इतकी थोडी लागते, की करंगळीच्या नखावर मावेल. मोठ्या बंदुकीत चार कण इकडेतिकडे झाले तर चालते, इथे चालत नाही. दारू सारखी पडली तरच गोळी जिथे काल लागली तिथे आज लागते. रेइनो तळघरात बसून शिसे वितळवायचा, साच्यात गोळ्या ओतायचा. वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून लाकडी ठोकळ्याच्या पन्नास भोकांत उभ्या करायचा. मग माझ्याकडे वळायचा. सर्वांत आधी रिकामे पारडे टांगून, चष्मा कपाळावर सरकवून, सुईच्या पातळीला डोळा आणून शून्य बघायचा. त्या वेळी तो श्वाससुद्धा रोखून धरायचा, कारण त्याच्या श्वासानेही मी हलतो. तीस वर्षांत त्याने एकदाही यात चुकारपणा केला नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

"गोळ्या पाहून घेतल्यास का?" क्लबात कोणी एल्माला विचारायचे.

"रेइनोने भरल्यात," ती म्हणायची. तेवढ्यावर तो विषय संपायचा.

दर शनिवारी दुपारी शेजारचा आर्वो माकेला यायचा. त्याच्या घरी शिशाचा वास चालत नसे, म्हणून तो आपला काटा काखेत मारून आमच्या तळघरात बसायचा. त्याचा काटा माझ्याच घडणीचा, माझ्याच रंगाचा. दोघे एका बाकावर काम करायचे. वरून एल्मा कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पाठवायची. आर्वो बोलायचा, रेइनो ऐकायचा.

नाताळाआधी दोन्ही पारडी साबणाच्या पाण्यात धुवायची, असा त्यांचा नेम होता. त्या शनिवारी एल्माने ती धुतली आणि चुलीशेजारी फडक्यावर वाळत ठेवली. आर्वो ती घेऊन खाली आला आणि एक माझ्यावर, एक आपल्या काट्यावर टांगले.

माझ्यावर टांगलेले पारडे माझे नव्हते. ते किंचित जड होते. मी रिकामाच खाली झुकलो आणि सुई रेघेच्या वर गेली. मित्रांनो, ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

आर्वोने त्या दिवशी मोजायला काही आणले नव्हते. तो नुसता कॉफी प्यायला बसला होता. रेइनो सवयीने माझ्यासमोर वाकला, चष्मा वर सरकवला.

"झालं सुरू," आर्वो म्हणाला. "तीस वर्षं तोच काटा, तोच बाक, अन् हा अजून त्याला शून्य विचारतो. अरे रेइनो, एल्मालाही रोज सकाळी विचारतोस का, तू कालचीच ना म्हणून?"

"विचारत नाही," रेइनो म्हणाला.

"मग ह्या बिचाऱ्यावर एवढा संशय कशाला? जरा विश्वास ठेव की."

रेइनोचे कान लाल झाले. तो सरळ बसला, चष्मा खाली घेतला, वजने नेहमीच्या खाचेत सरकवली आणि पारड्यात दारू टाकायला लागला.

मी खोटे बोललो नाही. जे टांगले होते ते मी तोलले. पण परके पारडे जितके जड होते, तितकी दारू प्रत्येक पुंगळीत कमी पडली. पन्नासच्या पन्नास सारख्या. शेवटी त्याने विजेरीचा झोत ठोकळ्यावर धरून आत पाहिले, तेव्हा सगळ्यांची पातळी एक होती. तो समाधानाने हसला. सारखे असणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होते. सांगता येत नव्हते.

पुढचे मी पाहिलेले नाही. तळघरात जे बोलणे झाले त्यावरून मला कळले. गुरुवारी संध्याकाळी क्लबात एल्मा उभी राहिली. पहिल्या गोळ्या निशाणाच्या खालच्या कडेला लागल्या. आवाजही मऊ येत होता, पण कानांवर जाड झापडे असतात. शेजारचा म्हणाला, "एल्मा, आज काय झालंय?"

"हात म्हातारा झाला," ती म्हणाली. "दुसरं काय होणार?"

गोळ्यांवर तिने संशय घेतला नाही. तिने आपल्या हातावर घेतला.

मग घाईने पाच बार काढायची फेरी आली. त्यातली एक गोळी नळीतून बाहेरच पडली नाही, कमी दारूमुळे मध्येच अडकून बसली. पाठोपाठ दुसरी सुटली आणि तिच्यावर आदळली. जुन्या पिस्तुलाची वरची लोखंडी पट्टी फुटली. एक तुकडा चष्म्याची कड आणि भुवई यांच्यामधून आत गेला. एल्माचा उजवा डोळा गेला. नेम धरायचा तोच डोळा.

सगळा गाव म्हणू लागला, की रेइनोने एकाच पुंगळीत दोनदा दारू ओतली. रेइनोलाही तेच वाटले. तो रोज तळघरात येऊन माझ्यासमोर बसायचा आणि हाताने ओतण्याची नक्कल करायचा, पहिल्या पुंगळीपासून पन्नासाव्यापर्यंत, कुठे चुकलो ते शोधत. मला हात लावत नसे.

आठ दिवसांनी आर्वो आला. हातात एक पारडे होते.

"त्या दिवशी घरी जाऊन काटा लावला, तर सुई हललेली दिसली," तो म्हणाला. "मी स्क्रू फिरवून जागेवर आणली. का हलली ते मनातही आलं नाही. काल रात्री पडल्या पडल्या आलं." त्याने माझ्यावरचे पारडे काढले आणि हातातले टांगले. मी दोनदा वरखाली झालो आणि थांबलो. सुई शून्यावर.

रेइनोने चष्मा वर सरकवला आणि त्या रेघेकडे पाहिले.

"म्हणजे कमी पडली होती," तो म्हणाला. "सगळ्यांत."

"पारडी मी टांगली रे. तू नाहीस."

"बघायचं काम माझं होतं."

"तू बघतच होतास. मी हसलो म्हणून..."

"तू नेहमीच हसतोस, आर्वो," रेइनो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे मला वाटले. आर्वो गेला, तो पुन्हा कधी खाली आला नाही.

उरलेली काडतुसे एल्मा आणि रेइनोने एकत्र बसून उघडली. ती गोळी उपटून काढायची, तो दारू माझ्यावर ठेवायचा. अंतर कळत नसल्याने तिचे हात दोनदा चुकले. तिसऱ्या वेळी त्याने तिचा हात धरून चिमट्यावर ठेवला. प्रत्येक पुंगळीत तेवढीच कमी दारू निघाली. त्यानंतर रेइनोने बाकावर चादर टाकली आणि दिवा मालवला. तिच्याखाली मी चार वर्षे होतो. माझ्या दांडीवर गंज चढला.

आता मी क्लबाच्या मागच्या खोलीत असतो. बंदूक सांभाळायला शिकणारी बारा-तेरा वर्षांची मुले तिथे येतात आणि एल्मा त्यांना शिकवते. तिनेच मला इथे आणले, पुसले, तेल दिले.

गेल्या वर्गात एका मुलीने सरळ विचारले, "बाई, तुमची काडतुसे भरणारे निष्काळजी होते का?"

"नाही," एल्मा म्हणाली. "माझ्या नवऱ्याइतका काळजीपूर्वक माणूस मी पाहिला नाही. एके दिवशी त्याला त्या काळजीचीच लाज वाटली, एवढंच."

मित्रांनो, माझ्याकडून एवढेच लक्षात ठेवा. जुन्या काट्याला पुन्हा पुन्हा शून्य विचारले तर त्याचा अपमान होत नाही. मला तर बरे वाटायचे. कोणी हसले तर हसू द्या, कान लाल झाले तर होऊ द्या, पण आधी वाका आणि सुई बघा.

वर्ग संपतो तेव्हा एल्मा भिंतीला हात लावत दाराकडे जाते. रेइनो बाहेर बर्फात गाडी सुरू ठेवून बसलेला असतो. तो अजून एकदाही आत आलेला नाही.