आतलं अजून जिवंत आहे

मी खमीर बोलतोय. बेकरीच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर काचेची एक बरणी दिसते ना, तिच्यातला तो पांढरट, चिकट, बुडबुड्यांनी भरलेला गोळा म्हणजे मी. नाक मुरडू नका. सकाळी तुम्ही मिटक्या मारत जो पाव खाता, तो माझ्यामुळे फुगतो.

माझा जन्म अगदी साधा. मूठभर पीठ आणि तेवढंच पाणी. ज्यांनी ते कालवलं त्यांना त्यांचा मेहुणा दाजी म्हणायचा, म्हणून मीही दाजीच म्हणतो. सात दिवस त्यांनी मला फडक्याखाली ठेवलं. रोज सकाळी यायचे आणि बरणीला कान लावायचे. माझे बुडबुडे फुटतात तेव्हा बारीक चुरचुर होते. आठव्या दिवशी ती ऐकू आली, तेव्हा बायकोला हाक मारून म्हणाले, "उठला गं हा."

माझा नियम एकच. रोज सकाळी माझा अर्धा भाग काढून पावाच्या पिठात घालायचा आणि उरलेल्या अर्ध्याला ताजं पीठ-पाणी द्यायचं. काल कितीही पोटभर जेवलो असलो तरी आज मला पुन्हा भूक लागते. दाजी मेहुण्याला शिकवताना म्हणायचे, "याला आठवड्याचं एकदम घालून चालत नाही बघ. आणि काल घातलं होतं, हेही हा ऐकून घेत नाही."

दाजी वारले आणि भट्टी मेहुण्याकडे आली. दाजींची बायको, म्हणजे ताई, दुकान सांभाळायची. मेहुणा तिचा धाकटा भाऊ. ती त्याला नुसतं भाऊ म्हणायची. त्याची बायको लवकर गेली होती. मुलगी होती एक, शाळेत जाणारी.

भाऊचा हात दाजींपेक्षाही हलका होता. पण भट्टीसमोर उभं राहून अंग आंबून जायचं. अंगदुखीवर म्हणून संध्याकाळी एक पेला सुरू झाला. मग तो दुपारी आला. मग सकाळी, मला जेवण द्यायच्याही आधी. पुढे मला द्यायचं राहूनच जाऊ लागलं. पाव चपटे व्हायला लागले. एक गिऱ्हाईक म्हणालं, "यापेक्षा वीट बरी, निदान भिंतीत तरी बसते."

एका सकाळी भट्टी पेटती ठेवून तो पिठाच्या पोत्यावर झोपून गेला. शाळेला निघालेली मुलगी डोकावली तर खोलीभर धूर. भट्टीतला पाव जळत असलेला तापलेला पत्रा तिने हातानेच बाहेर ओढला. तळहात भाजला तो भाजलाच, पण त्या दिवसापासून ती बापाशी बोलेनाशी झाली.

ताईने बेकरीला कुलूप लावलं. भावाला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, मुलीला आपल्याकडे ठेवलं आणि मला फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सारलं. तिथे मी चार महिने होतो.

भाऊ परत आला तेव्हा ताईने किल्ली त्याच्या हातावर ठेवली, पण सोडली नाही.

"एकदाच सांगते भाऊ. ज्या दिवशी तुझ्या अंगाला वास येईल, त्या दिवशी किल्लीही माझी आणि पोरगीही माझी."

"चालेल."

"चालेल नको म्हणूस. ऐकलंस का, ते सांग."

"ऐकलं, ताई."

मग त्याने मला बाहेर काढलं. माझ्यावर बोटभर काळं पाणी साचलं होतं. ताई म्हणाली, "फेकून दे ते. मेलंय. नवीन कर." भाऊने पाणी ओतून टाकलं, वरचा करडा थर चमच्याने खरवडला आणि तळातून लिंबाएवढा गोळा काढून स्वच्छ बरणीत ठेवला. "आतलं अजून जिवंत असेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खात्री नव्हती, विनवणी होती.

पहिल्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. तो मात्र रोज येऊन अर्धं काढत होता, ताजं घालत होता. चौथ्या दिवशी माझ्या कडेला एकच बुडबुडा आला. तुम्ही माणसं निकाल फार लवकर लावता. हा सुधारणार नाही, ती बदलणार नाही, हे फेका, नवीन आणा. भाऊने तिसऱ्या दिवशी निकाल लावला असता, तर हे सांगायला मी उरलो नसतो.

जेवण दिल्यावर तो पिठाचा तळवा माझ्या झाकणावर ठेवायचा आणि म्हणायचा, "देवा, आजच्यापुरतं." एवढीच त्याची प्रार्थना. सुरुवातीला कोणी बघत नाही ना, हे पाहून मगच म्हणायचा. नंतर दाराकडे बघणं बंद झालं.

संध्याकाळी तो मीटिंगला जायचा. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं तिथे रोज जमतात. बसचा एक निवृत्त ड्रायव्हर त्याला तिथे घेऊन जायचा. भाऊने एकदा विचारलं, "काका, तुम्हाला सोडून किती वर्षं झाली?"

"आज सकाळीच सोडलीय," काका म्हणाले. "कालही सकाळीच सोडली होती."

हळूहळू पाव फुगू लागले, गिऱ्हाइकं परतली, आणि नेमकी तिथेच चूक झाली. एका वसतिगृहाची मोठी ऑर्डर आली. घाईत भाऊ बाजारचं यीस्ट वापरू लागला. माझ्याकडे बघून म्हणाला, "हा आता दणकट झालाय, एखादा दिवस काढेल." काकांनाही म्हणाला, "या आठवड्यात मीटिंग जमायची नाही. आता तशी गरजही वाटत नाही." झाकणावर हात ठेवणंही राहिलं. उन्हाळ्याचे दिवस, मी तीन दिवस उपाशी.

माझी एक खोड आहे. फार भूक लागली की माझ्यावर पाणी सुटतं आणि त्याला चक्क दारूचा वास येतो. दाजींना हे ठाऊक होतं, भाऊला ठाऊक होतं. ताई दुकानात बसायची, तिने माझं झाकण कधी उघडलंच नव्हतं.

चौथ्या दुपारी भाऊला माझी आठवण झाली. पाणी ओतायला त्याने बरणी घाईने तिरकी केली आणि सगळं त्याच्या बाहीवर आणि एप्रनवर सांडलं. तेवढ्यात ताई आत आली. मागे मुलगी. ताई दोन पावलं आली आणि थांबली.

"प्यायलास तू."

"नाही ताई, हे खमिराचं पाणी आहे."

"मागच्या वेळी खोकल्याचं औषध होतं. त्याआधी भट्टीचं रॉकेल. आता पीठ प्यायलास होय?"

"ताई, खरंच."

"किल्ली ठेव तिथे."

भाऊने एप्रन काढून टेबलावर टाकला, त्यावर किल्ली ठेवली. "न पिताही हेच ऐकायचं असेल, तर पिऊनच येतो," तो म्हणाला. त्याचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं. दारूचं दुकान तिथून चौथं. जीभ नसल्याचं दुःख मला त्या एका क्षणी जेवढं झालं, तेवढं आयुष्यात कधी झालं नाही. माझ्या हातात एकच होतं. झाकण उघडं होतं, मी मन लावून वास सोडत राहिलो.

मुलगी टेबलापाशी आली. एप्रनचा वास घेतला. मग बरणीवर वाकली आणि तोंड वाकडं केलं.

"आत्या, इकडे ये. याचा वास घे."

"मला काही बघायचं नाही."

"घे तर."

ताईने वास घेतला. पुन्हा घेतला. "अगं बाई," ती म्हणाली, "हा मेला बरणीत बसून पितोय." आणि मुलगी हसली. त्या खोलीत ती कितीतरी दिवसांनी हसली. ताई पिठाच्या पोत्यावर बसली. "भाऊ, चुकलं रे माझं."

भाऊ तिथेच गप्प राहिला असता तरी जिंकला असता. पण तो आत आला.

"सगळं नाही चुकलं, ताई. प्यायलो नाही, हे खरं. पण तीन दिवस याला उपाशी ठेवलं, मीटिंग बुडवली, देवाचं नावही घेतलं नाही. आत्ता ही बोलली नसती तर मी गेलो असतो. धमकी नव्हती ती. गेलोच असतो."

ताईने उठून किल्ली त्याच्या हातावर ठेवली, आणि या वेळी सोडली. "आधी त्याला जेवायला घाल. मग काकांना फोन कर. ऑर्डरचं मी बघते."

मुलीने पिठाचा डबा उघडला. भाजल्याची खूण असलेल्या तळव्यावर पीठ घेऊन तिने विचारलं, "बाबा, एवढं पुरे?"

भाऊने बरणी तिच्यापुढे धरली. "अजून थोडं," तो म्हणाला.

याला आता दोन वर्षं झाली. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, जाताना छोट्या बाटलीत माझा एक हिस्सा घेऊन गेली. रोज सकाळी तिचा फोन येतो. "बाबा, दिलं जेवायला." भाऊ म्हणतो, "मीपण." बस, एवढंच बोलणं होतं.

मी म्हातारा झालो का, असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही. रोज सकाळी मी अर्धा नवा असतो. तुमच्याकडे मागणं एकच. कुणाला फेकून देण्याआधी वरचं काळं पाणी तेवढं ओतून बघा, आणि चार दिवस थांबा. चार दिवस म्हणजे काही फार नाहीत.

चला, भाऊचा हात झाकणावर आला. भूक लागलीय मला.