कोरड्या वाळूतली लिंबं

"फळी उचल दादा. वास येतोय."

"हात लावशील तर हात उपटून ठेवीन."

"अरे, लिंबं सडलीत! चिलटं बघ, बाकीच्या रांजणांवर बसायला लागली. एक नासकं सगळी आढी नासवतं, हे मी तुला सांगायचं?"

"सडू दे."

कोठीच्या खोलीत दोघे भाऊ समोरासमोर उभे होते. बाहेर उन्हानं पत्रा तडतडत होता आणि आत वारा म्हणून नव्हता. थोरला रांजणापुढं पाय रोवून उभा, हातात फावडं. धाकटा घामानं निथळलेला. दारात धाकट्याची बायको, नाकाला पदर लावून.

खोलीतले चारही रांजण थोरल्याच्या बायकोनं भरलेले. तिची रीत सगळ्या आळीला पाठ होती, पण जमायची तिलाच. लिंबू ओढून तोडायचं नाही, कात्रीनं कापायचं, देठ थोडा ठेवायचा. डागाळलेलं त्याच दिवशी वापरायचं. नदीची वाळू चाळायची, कढईत भाजायची, पार गार होऊ द्यायची. मग वाळूचा थर, लिंबांचा थर, पुन्हा वाळू. लिंबाला लिंबू शिवू द्यायचं नाही. "शेजारी फार चिकटले की भांडतात," ती म्हणायची. ऐन उन्हाळ्यात, गावात औषधालाही लिंबू नसताना, तिच्या रांजणातलं कापलं की रस कोपरापर्यंत ओघळायचा. चौथा रांजण भरला तेव्हा तिच्या अंगात ताप होता. वरच्या वाळूवर तिनं तळहात दाबला, "झालं" म्हणाली, आणि भिंत धरत जाऊन आडवी झाली. ती उठलीच नाही.

वाळूवर तिची पाच बोटं राहिली. थोरल्यानं त्यावर फळी ठेवली, आणि तेव्हापासून त्या रांजणाला कुणाला शिवू दिलं नव्हतं.

धाकट्याचं डोकं फिरलं. "वहिनी गेली दादा! रांजणात बसलेली नाही ती!"

फावड्याचा दांडा सणकन फिरला. धाकट्यानं हात आडवा घातला. मनगटात काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. तो किंचाळला, पण मागं हटला नाही. मान खाली घालून बैलासारखा भावाच्या पोटात शिरला. दोघं भिंतीवर आदळले, फडताळातले डबे खाली आले. थोरल्याचा ओठ फुटला. त्यानं धाकट्याचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं.

"बोल! परत बोल!"

"बोलतो! गेली ती! गेली, गेली!"

थोरल्यानं फावडं दोन्ही हातांनी उचललं. या वेळी त्यानं दांडा नाही, पातं पुढं केलं. धाकटा मटकन खाली बसला म्हणून वाचला. घाव रांजणावर बसला.

खापऱ्या उडाल्या. वाळू ढासळून जमिनीवर आली आणि तिच्यातून काळी-हिरवी, बुरशी धरलेली, फुटकी लिंबं घरंगळली. असा भपकारा सुटला की धाकटीनं पदर तोंडात कोंबला. बोटांचा ठसा कधी मोडला, ते दिसलंसुद्धा नाही.

थोरला बघत राहिला. मग भावाच्या छातीवर बसला आणि त्याचा गळा धरला. ओठातलं रक्त भावाच्या तोंडावर गळत होतं. धाकट्याच्या टाचा जमिनीवर घासायला लागल्या.

"भाऊजी, सोडा! अहो, मरतील ते!"

तो सोडेना. धाकटीनं कोपऱ्यातली तांब्याची कळशी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली.

थोरला कुशीवर पडला. धाकटा खोकत, हुंदके देत भिंतीकडं सरकला. धाकटी मधे बसून राहिली, कळशी अजून हातात, तिच्या मांडीखाली वाळू. तिनं ती मुठीत धरली. मूठ उघडली तर वाळूचा गोळा झालेला.

"ही ओली कशी?"

तिनं शेजारच्या रांजणात हात खुपसला. तिथली वाळू बोटांतून सुळकन निसटली.

"भाऊजी, ह्यात पाणी कुणी घातलं?"

थोरला उताणा होऊन छताकडं बघत म्हणाला, "कोरड्या वाळूत बोटं राहत नाहीत."

"काय?"

"ढासळत होती. आधी अंगठा भरत आला. मग रोज सकाळी शिंपडत होतो. थोडंच. बोटांनी."

धाकट्यानं मोडलेला हात मांडीवर घेतला. मार खाल्लेल्यालाच मारणाऱ्याची कीव आली.

"वहिनी जन्मभर वाळू भाजत राहिली रे दादा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आणि तू..."

रांजणाचा बुडखा अजून उभा होता. धाकटीनं त्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाशी पाणी पोचलं नव्हतं. तिनं एक लिंबू बाहेर काढलं. पिवळंधमक, देठासकट, पातळ साल तट्ट ताणलेली. नखानं टोचलं तर रसाची चिळकांडी उडाली. तिनं ते थोरल्याच्या हातात दिलं. त्यानं उठून बसत दातांनी फोडलं आणि चोखलं.

"ओठ फुटलाय. झोंबेल."

"झोंबू दे."

डोळ्यांतून पाणी आलं तरी साल राहीपर्यंत त्यानं ते सोडलं नाही. मग घमेलं घेतलं आणि ओली वाळू भरायला लागला.

"ठेवा, मी टाकते."

"नको. मीच टाकतो."

एकेक घमेलं डोक्यावर घेऊन त्यानं सगळी वाळू, सडक्या लिंबांसकट, उकिरड्यावर नेऊन ओतली. शेवटच्या घमेल्यापाशी जरा वेळ उभा राहिला. तेही ओतलं. तोवर धाकटीनं चुलीवर कढई चढवून नवी वाळू भाजायला घेतली होती.

"चल," तो भावाला म्हणाला, "हात दाखवून येऊ."

हाडवैद्यानं मनगट चाचपलं. "कसं मोडलं?"

"पडलो."

"कशावर?"

"भावावर."

हाडवैद्यानं त्याच्या गळ्यावरचे वळ पाहिले, मग थोरल्याच्या डोक्यावरचं टेंगूळ. "आणि हा?"

"ह्याच्यावर कळशी पडली."

"बरीच पडझड आहे तुमच्या घरात. ए, ह्याला मागून घट्ट धर. हाड ओढतो आता."

थोरला भावाच्या पाठीशी बसला. त्याचे हात पुढं आले आणि हवेतच अडले, कुठं धरावं ते त्याला समजेना. धाकट्यानं दात आवळले, डोळे मिटले.

"धर दादा," तो म्हणाला. "फक्त गळा सोडून."