दीड इंच

व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साडेएकोणीस इंच होती आणि गाडीची एकवीस. भानुदास मेश्रामांनी दोन्ही मापं तीनदा घेतली, गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिली आणि खाली रेघ ओढून वजाबाकी केली. दीड इंच. एकतीस वर्षं पुलांचे आराखडे तपासलेल्या माणसाला या आकड्याचं हसू यायला हवं होतं. पण त्या दीड इंचाच्या अलीकडे त्यांची बायको पंधरा महिने अडकून पडली होती.

अंजनाबाईंची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानं गेली. बोलणं दोन महिन्यांत परतलं, तेही जुन्याच धारेचं. हातपाय परतले नाहीत. परदेशात, फ्रीमाँट शहरातल्या त्यांच्या घरात डाव्या पायाने जमीन मागे ढकलत त्या खुर्ची चालवायच्या. म्हणून खुर्ची बुटकी होती. ती उंच केली की टाच जमिनीला टेकत नसे, आणि टाच टेकली नाही तर स्वयंपाकघरसुद्धा परगाव होई. खुर्चीतून पलंगावर जायला त्या मधे एक गुळगुळीत पट्टी ठेवत आणि डाव्या हातावर भार देऊन सरकत. समपातळीवर हे रोज जमे. चढावर मात्र हात थरथरून थांबत असे.

गेल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला तिघा भल्या माणसांनी त्यांना गाडीतून उचलून खुर्चीत ठेवलं होतं. पार्किंगमध्ये, चाळीस माणसांदेखत. पांढऱ्या साडीचा पदर खांद्यावरून घसरला आणि तो सावरायला मोकळा हात नव्हता. चालता हात एकच, आणि तो कुणाच्या तरी मानेभोवती होता.  घरी आल्यावर अंजनाबाईंनी एवढंच म्हटलं, "यापुढे मला कुणी उचलायचं नाही." त्यानंतर त्या कुठे गेल्याच नाहीत.

मुलगी पायल देशाच्या दुसऱ्या टोकाच्या कॅरीहून दर रविवारी फोन करी. "बाबा, जस्ट गेट द व्हॅन. रॅम्पवाली. आईला चेअरसकट आत नेता येतं."

"नेतात की," शेजारच्या खुर्चीतून अंजनाबाई म्हणत. "हॉस्पिटलला नेलं होतं तसं. चार कोपऱ्यांना चार हुक लावून, मागं बांधून. फ्रिज नेतात ना, तसं. मला पुढे बसायचंय, यांच्या बाजूला. नाहीतर हे रस्ता चुकले, हे यांना सांगणार कोण?"

दारात उभी असलेली जुनी स्वीडिश वॅगन, म्हणजे लांब डिकीची गाडी, एकोणनव्वद सालची. तिचं छप्पर उंच, दरवाजे चौकोनी आणि सताड उघडणारे; आत शिरताना मान वाकवावी लागत नसे. तिच्यात एकच उणीव होती, आणि ती भिंतीवर लिहिलेली होती.

तेव्हा ऑगस्टमध्ये भानुदासांनी ठरवलं की खुर्ची वर जात नसेल तर गाडी खाली येईल. चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, अंजना पुढच्या सीटवर बसून जाईल आणि आपली आपण उतरेल.

त्या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे स्ट्रट म्हणजे एक जाड पोलादी नळी उभी असते. नळीच्या पोटात धक्का शोषणारा तेलाचा दट्ट्या, बाहेरून वेढलेली स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग ज्यावर बसते ती नळीला वेल्डिंग केलेली लोखंडी बशी. गाडीचा सगळा भार त्या बशीवर येतो. बशी जितकी खाली, तितकी गाडी खाली. नवं काही विकत आणायचं नव्हतं. होतं त्याचीच जागा बदलायची होती. या विचाराचं भानुदासांना विलक्षण समाधान वाटलं, कारण गेली दोन वर्षं ते दोघं घरात दुसरं काहीच करत नव्हते.

स्प्रिंग काढणं हेच खरं भयाचं काम. शिकंजे लावून, दोन्ही बाजू आळीपाळीने आवळत त्यांनी ती दाबली. दाबलेली स्प्रिंग हातात घेणं म्हणजे कुणाचा तरी गिळलेला राग हातात घेणं. घराच्या दारात खुर्ची लावून अंजनाबाई पाहत होत्या.

"तोंड बाजूला करा," त्या म्हणाल्या. "सुटली तर आपल्याकडे खुर्ची एकच आहे."

वेल्डिंगसाठी ते शेजारच्या हेवर्ड गावातल्या ओचोआकडे गेले. ओचोआ सत्तरीचा, चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या खाली बसवून देणारा. त्यानं उतरवलेल्या गाड्या रस्त्याला पोट घासत मिरवत जात. टेबलावर मांडलेल्या दोन नळ्यांकडे पाहून त्यानं विचारलं, "किती खाली हवी?"

"दीड इंच."

"दीड इंचाने कुणाला कळणारसुद्धा नाही."

"एकीला कळेल," भानुदास म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं.

 ओचोआनं नळ्या उलट्या करून पाहिल्या. "आतलं तेल काढलंत? भरल्या नळीवर वेल्डिंग केलं तर ती फुटते. मग बाईंना एकटीनंच फिरावं लागेल."

"काढलंय. आतून पुसलंसुद्धा."

नळीला ओरखडा न उठवता त्यानं ग्राइंडरने वेल्डिंगचा जुना टाका झिजवला, हातोडीने बशी सैल केली आणि भानुदासांनी कोरलेल्या रेघेवर उतरवली. तीन ठिकाणी टिपके, मग गुण्याने तपासणी, मग पूर्ण टाका. खाली आलेलं गाडीचं अंग लगेच आपटू नये म्हणून आतल्या रबराचा तुकडा थोडा कापला. मागच्या चाकांसाठी बेताच्या उंचीच्या स्प्रिंगा त्याच्या ढिगाऱ्यातच निघाल्या. निरोप घेताना तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी गाड्या लोकांना दिसाव्यात म्हणून खाली आणल्या. एकीलाच कळावी म्हणून ही पहिलीच."

सप्टेंबरअखेर गाडी चार चाकांवर उभी राहिली. ती आता इतकी खाली होती की जॅक पुढून आत जाईना. म्हणून भानुदासांनी दीड इंच जाडीच्या दोन फळ्या आणल्या. चाकं त्यांच्यावर चढवायची आणि मग जॅक सरकवायचा. शेवटचे नट आवळून त्यांनी गाडी पुन्हा जमिनीवर उतरवली, पुढेमागे हलवून बसू दिली आणि टेप लावला. बैठक साडेएकोणीस इंच. केसभरही कमीजास्त नाही.

अंजनाबाई खुर्ची घेऊन आल्या. दरवाजा उघडला, पट्टी टेकवली, डावा हात सीटवर रोवला. एकदा सरकल्या, थांबल्या, पुन्हा सरकल्या. मग उजवा पाय डाव्या हाताने उचलून आत घेतला आणि पुढच्या काचेतून समोर पाहिलं.

"काच पुसायची राहिली," त्या म्हणाल्या.

एलिझाबेथ तळ्याभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. गाडी पूर्वीपेक्षा कडक चालत होती, गतिरोधकावर हिसके बसत होते. अंजनाबाईंनी दोनदा रस्ता सांगितला, एकदा चुकीचा. पाण्यावर बदकं होती आणि ऊन तिरपं होऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. भानुदासांना वाटलं, एवढ्यासाठीच सगळं होतं, आणि ते झालं.

घरी दारात गाडी थांबली. खुर्ची आली, पट्टी आली, आणि अंजनाबाई हलल्या नाहीत. दोनदा जोर लावला. दोन्ही वेळा पट्टीच्या खालच्या टोकाशीच हात थरथरला.

भानुदासांनी वाकून टेप लावला. बैठक अठरा इंचांवर होती. रिकाम्या गाडीचं माप त्यांनी घेतलं होतं. अंजनाच्या वजनाने स्प्रिंग अर्धा इंच दबली होती आणि जुनी गादी एक इंच. चढताना सपाट असलेला रस्ता उतरताना चढ झाला होता. तोच दीड इंच त्यांची वाट पाहत दाराच्या दुसऱ्या बाजूला उभा होता.

"मी धरतो," ते हलकेच म्हणाले.

"हात लावायचा नाही."

वीस मिनिटं गेली. ते गुडघ्यांवर बसून राहिले. आकडे डोळ्यांपुढून सरकत होते. बशी पुन्हा कापून वर न्यावी, तर चढणं जाईल. आहे तिथेच ठेवावी, तर उतरणं. अंजनाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

"पुलावर माणसं चालणार, हे धरूनच तुम्ही पूल बांधायचे ना?"

"हो. लाइव्ह लोड. पुलाचं स्वतःचं वजन तो डेड लोड."

"मग मी कोण होते? डेड लोड?"

 अंजनाबाईंची नजर गॅरेजच्या कोपऱ्यात गेली.

"त्या फळ्या केवढ्या जाडीच्या आहेत?"

ते वळून पाहायला लागले आणि तसेच थांबले. मग उठले. उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांपुढे एकेक फळी ठेवली, गाडीत बसले आणि क्लच नसलेल्या त्या गाडीला ब्रेकवर पाय ठेवून हातभर पुढे सरकवलं. आधी नाक वर आलं, मग पाठ. उतरून त्यांनी खुर्ची पुन्हा दाराशी लावली आणि टेप काढला, तोवर पट्टी टेकलेली होती.

"मोजू नका," अंजनाबाई म्हणाल्या, आणि सरकून खुर्चीत आल्या.

चौदा ऑक्टोबरला भाड्याच्या हॉलबाहेर वॅगन थांबली, तेव्हा कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारा कुशल आणखी दोघांना घेऊन धावत आला. गेल्या वर्षीचेच तिघे. "जय भीम, काकू. थांबा, आम्ही घेतो."

"जय भीम. जरा मागे व्हा."

भानुदासांनी डिकीतून फळ्या काढल्या, चाकांपुढे मांडल्या आणि पुन्हा स्टिअरिंगमागे बसले. आत शिरणारे लोक पायऱ्यांवर थबकून पाहू लागले. गाडी वर आली, मग त्यांनी खुर्ची दाराशी लावली. अंजनाबाईंनी आधी पदर खोचला, मग पट्टी टेकवली, आणि वेळ लागला तितका लागू दिला.

खुर्चीत बसून त्यांनी श्वास घेतला. तिघे अजून हात पुढे करूनच उभे होते.

"उचलायचंच असेल, तर गाडी खाली आली की त्या फळ्या उचला," त्या म्हणाल्या. "परत गेल्यावर घरी उतरायला लागतील."

मग डावी टाच जमिनीत रोवून त्या दाराकडे निघाल्या.